शाब्दिक उदाहरण आलं की हात थांबतो

प्रश्न: ताई, मी दहावीत आहे. दोन समीकरणं मांडून दिली असतील तर मला काहीच अडचण येत नाही. एका चलाचा लोप करून सोडवते, किंवा एकाची किंमत दुसऱ्यात घालते. चिन्हंही सहसा चुकत नाहीत. पण शाब्दिक उदाहरण आलं की तीच दोन वाक्यं पुन्हा पुन्हा वाचत बसते. क्ष कशाला मानायचं तेच सुचत नाही. कोणता शब्द आला की कोणतं चिन्ह घालायचं याची यादी मी पाठ केली आहे : ‘ने जास्त’ म्हणजे अधिक, ‘ने कमी’ म्हणजे वजा, ‘पट’ म्हणजे गुणिले. तरी परवा हे उदाहरण चुकलं : “आठ वर्षांपूर्वी वडिलांचं वय मुलाच्या वयाच्या सातपट होतं. आणखी चार वर्षांनी ते मुलाच्या वयाच्या तिप्पट होईल. तर दोघांची आजची वयं काढा.” मी क्ष − ८ = ७य आणि क्ष + ४ = ३य अशी समीकरणं मांडली. मुलाचं वय उणे ३ आलं आणि वडिलांचं उणे १३! सोडवणं दोनदा तपासलं, त्यात चूक सापडत नाही. शाब्दिक उदाहरणावरून समीकरणं मांडायची काही ठरलेली रीत असते का? की ज्याला सुचतं त्यालाच सुचतं?
– अडकलेली विद्यार्थिनी

उत्तर:

तू सोडवलंस ते अगदी बरोबर आहे. क्ष − ८ = ७य आणि क्ष + ४ = ३य या जोडीची उकल क्ष = −१३, य = −३ हीच आहे, दुसरी असूच शकत नाही. म्हणजे आकडेमोडीत शोधत बसलीस तर चूक कधीच सापडणार नाही. ती त्याच्या आधीच्या पायरीवर आहे. शिवाय उणे उत्तर आल्यावर ते वहीत तसंच ठेवून तू पुढच्या उदाहरणाकडे गेली नाहीस. वय उणे कसं असेल, असं म्हणून थांबलीस. शाब्दिक उदाहरणांत ही सवय फार मोलाची आहे.

आता ती चूक बघू. आठ वर्षांपूर्वीचं वडिलांचं वय तू क्ष − ८ लिहिलंस, ते योग्यच. पण ‘मुलाच्या वयाच्या सातपट’ म्हणताना मुलाचं कोणतं वय धरायचं? वाक्य सुरू होतं ‘आठ वर्षांपूर्वी’ने, आणि तो काळ संपूर्ण वाक्याला लागू आहे. तू वडिलांना आठ वर्षं मागे नेलंस आणि मुलाला आजच्या वयातच ठेवलंस. दुसऱ्या वाक्यातही तेच झालं : वडील चार वर्षं पुढे गेले, मुलगा जागेवरच राहिला. दोन्ही समीकरणांत चूक एकच आहे, आणि तुझ्या त्या यादीला ती दिसणं शक्य नव्हतं, कारण यादीत शब्द आहेत, काळ नाही.

त्या यादीबद्दल माझं मत स्पष्टच सांगते : ती टाकून दे. सोप्या उदाहरणांत ती चालते आणि म्हणूनच घात करते. हे वाक्य बघ : “पहिली संख्या १२ आहे आणि ती दुसऱ्या संख्येपेक्षा ५ ने जास्त आहे. तर दुसरी संख्या किती?” यात ‘ने जास्त’ आहे. यादीप्रमाणे बेरीज केलीस तर १७ येतील. खरं उत्तर ७ आहे. शब्द तोच, पण करायची वजाबाकी. कोण कोणापेक्षा जास्त आहे हे कळल्याशिवाय ‘जास्त’ या शब्दाला काही अर्थच नाही. यादी पाठ करणारी मुलं वाक्य वाचत नाहीत, त्यातले शब्द वेचतात, आणि वेचलेल्या शब्दांतून मूळ वाक्य परत जुळत नाही.

मग चिन्हांऐवजी शोधायचं काय? समीकरण म्हणजे एकच राशी दोन वेगवेगळ्या प्रकारे सांगणं. तुझ्या पहिल्या वाक्यात ती राशी आहे ‘वडिलांचं आठ वर्षांपूर्वीचं वय’. ती एकदा ‘आजच्या वयातून ८ वजा’ अशी सांगता येते आणि दुसऱ्यांदा ‘मुलाच्या तेव्हाच्या वयाच्या सातपट’ अशी. दोन्ही एकाच वयाबद्दल आहेत, म्हणून मधे ‘=’ येतं. शाब्दिक उदाहरण वाचताना स्वतःला विचारायचा प्रश्न हा : कोणती गोष्ट इथे दोनदा सांगितली आहे? अशी गोष्ट जितक्यांदा सापडेल तितकी समीकरणं.

हे ऐकायला सोपं आहे, पण कोरा कागद समोर असताना एवढ्यानं हात चालत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून तू विचारलेल्या ‘रिती’कडे येते. रीत आहे. मी ती सगळ्या मुलांना सांगते, आणि हुशार म्हणवणाऱ्या मुलांना तर आग्रहानं सांगते. उत्तर काढायला बसूच नकोस. उत्तर कोणीतरी आधीच सांगितलं आहे असं समज आणि फक्त त्याचा ताळा करायला बस.

कुठलीही दोन वयं घे. वडील ४०, मुलगा १०. बरोबर आहेत की नाहीत याची फिकीर नको. आता उदाहरणातलं पहिलं वाक्य घेऊन ही वयं तपास. आठ वर्षांपूर्वी वडील किती वर्षांचे होते? ४० − ८, म्हणजे ३२. मुलगा? १० − ८, म्हणजे २. बघ, इथे मुलाच्या वयातून ८ वजा करायला तुला कोणी सांगावं लागलं नाही. आकडे समोर असले की आपण आपोआप शहाण्यासारखं वागतो. २ ची सातपट १४. वडिलांचं वय ३२. जुळलं नाही. दुसरं वाक्य : चार वर्षांनी वडील ४४, मुलगा १४, आणि १४ ची तिप्पट ४२. जवळ आलं, पण जुळलं नाही.

अंदाज चुकला, पण त्यानं काही बिघडत नाही, कारण ताळ्याची कृती तर तू संपूर्ण केलीस. आता तीच कृती पुन्हा लिही, फक्त कुठेही बेरीज-वजाबाकी पुरी करू नकोस. ३२ लिहू नकोस, ४० − ८ असंच राहू दे. पहिला ताळा असा दिसेल :

४० − ८ हे ७ × (१० − ८) एवढं आहे का?

आणि दुसरा :

४० + ४ हे ३ × (१० + ४) एवढं आहे का?

आता ४० च्या जागी क्ष आणि १० च्या जागी य लिही. ‘आहे का?’ काढून टाक आणि ‘आहे’ असं ठामपणे म्हण :

क्ष − ८ = ७(य − ८)
क्ष + ४ = ३(य + ४)

झाली समीकरणं तयार. पहिल्यावरून क्ष = ७य − ४८, दुसऱ्यावरून क्ष = ३य + ८. म्हणून ४य = ५६, य = १४ आणि क्ष = ५०. मुलगा १४ वर्षांचा, वडील ५० वर्षांचे. आठ वर्षांपूर्वी ते ६ आणि ४२ वर्षांचे होते, सातपट. चार वर्षांनी १८ आणि ५४ वर्षांचे होतील, तिप्पट.

अंदाजाचा आधार घेणं हा कच्च्या मुलांचा मार्ग आहे असं कोणी म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. भास्कराचार्यांच्या लीलावतीत ‘इष्टकर्म’ नावाची एक रीतच आहे : मनाला येईल ती संख्या घ्यायची, उदाहरणात सांगितल्या त्या सगळ्या क्रिया तिच्यावर करायच्या आणि आलेल्या उत्तरावरून खरी संख्या प्रमाणानं काढायची. प्राचीन इजिप्तमधले गणितीही अशीच चुकीच्या अंदाजापासून सुरुवात करत. ते अंदाजावरून थेट उत्तराकडे जात. आपण त्याच अंदाजावरून समीकरणाची घडण काढतो आहोत. सुरुवातीला प्रत्येक उदाहरणात असा अंदाज घालून बघ. हळूहळू तो मनातल्या मनात होईल, आणि मग एक दिवस आपण तो घालतच नाही हे तुझ्या लक्षातही येणार नाही.

वयांच्या उदाहरणांत आणखी एक सवय उपयोगी पडते. एक छोटा तक्ता आख. ओळी दोन : वडील आणि मुलगा. रकाने तीन : आठ वर्षांपूर्वी, आज, चार वर्षांनी. मधल्या रकान्यात क्ष आणि य. मग डावीकडचा आणि उजवीकडचा रकाना पूर्ण भरल्याशिवाय समीकरणाला हात लावायचा नाही. तुझी चूक या तक्त्यात झालीच नसती, कारण मुलाच्या ओळीतला डावा चौकोन रिकामा दिसला असता.

आता ‘क्ष कशाला मानायचं’ हा प्रश्न. तो तुला वाटतो त्यापेक्षा खोल आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत जॉन क्लेमेंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंजिनिअरिंग शिकणाऱ्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक साधं वाक्य दिलं : या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत. विद्यार्थ्यांच्या संख्येसाठी एक अक्षर, प्राध्यापकांच्या संख्येसाठी दुसरं, आणि समीकरण लिहा. एक तृतीयांशाहून जास्त जणांचं चुकलं. चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी एकच चूक केली होती : विद्यार्थ्यांना व आणि प्राध्यापकांना प म्हटलं तर त्यांनी ६व = प लिहिलं. बरोबर समीकरण व = ६प आहे. शंका वाटत असेल तर अंदाज घालून बघ. प्राध्यापक १० असतील तर विद्यार्थी ६०. ६ × ६० म्हणजे ३६०, ते १० एवढे होतील का?

इतकी शिकलेली मुलं का चुकली? काहींनी मूळ इंग्रजी वाक्यातल्या शब्दांच्या क्रमानं चिन्हं लिहिली; तिथे ‘सहापट’नंतर आधी ‘विद्यार्थी’ येतात, मग ‘प्राध्यापक’. काहींच्या मनात मात्र एक चित्र होतं : एका प्राध्यापकासमोर सहा विद्यार्थी बसले आहेत. ते चित्र खरंही आहे. पण त्या चित्रात व म्हणजे ‘विद्यार्थी’ आहे, विद्यार्थ्यांची संख्या नाही. समीकरणातलं अक्षर हे माणसाचं किंवा वस्तूचं संक्षिप्त नाव नसतं. ती एक संख्या असते, आपल्याला अजून माहीत नसलेली. ६व म्हणजे ‘सहा विद्यार्थी’ नव्हे, तर ‘विद्यार्थ्यांच्या संख्येची सहापट’.

म्हणून ‘मानू’चं वाक्य नेहमी पूर्ण लिहायचं. ‘वडील = क्ष’ नाही. ‘वडिलांचं आजचं वय क्ष वर्षे मानू’. त्यात तीन गोष्टी आल्या : कशाची संख्या, कोणत्या काळची, कोणत्या एककात. हे वाक्य परीक्षकासाठी लिहायचं असतं असं पुष्कळ मुलांना वाटतं. ते तुझ्यासाठी आहे. पुढे कुठे अडलीस तर या वाक्याकडे परत यायचं आणि विचारायचं, माझ्या ८ ला आणि क्ष ला एकच एकक आहे ना?

एककांचा मुद्दा एका जुन्या उदाहरणावरून छान कळतो. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका चिनी गणितग्रंथात आहे ते : एका पिंजऱ्यात काही पक्षी आणि काही ससे आहेत. डोकी ३५, पाय ९४. तर पक्षी किती, ससे किती? पक्ष्यांची संख्या क्ष आणि सशांची य मानू. पहिलं समीकरण क्ष + य = ३५. यातलं प्रत्येक पद ‘डोकी’ मोजतं : पक्ष्यांची डोकी, सशांची डोकी, एकूण डोकी. दुसरं समीकरण २क्ष + ४य = ९४. इथे प्रत्येक पद ‘पाय’ मोजतं. उत्तर २३ पक्षी, १२ ससे. पाय ४६ आणि ४८, बेरीज ९४. आता २क्ष + ४य = ३५ असं कोणी लिहिलं तर डावीकडे पाय आहेत आणि उजवीकडे डोकी, आणि चूक न सोडवताच दिसते. समीकरण लिहून झालं की प्रत्येक पदाखाली पेन्सिलीनं ते काय मोजतंय ते लिहायचं. सगळीकडे एकच शब्द आला पाहिजे.

मिश्रणाची उदाहरणं मुलांना उगाच अवघड वाटतात. तीही याच नियमानं सुटतात. २०% आम्लाचं एक द्रावण आणि ५०% आम्लाचं दुसरं, ती मिसळून ३०% चं ३० लिटर द्रावण करायचं आहे. यात हिशेब दोन : एक सगळ्या द्रवाचा, एक फक्त आम्लाचा. द्रवाचा हिशेब क्ष + य = ३०. आम्लाचा हिशेब ०.२क्ष + ०.५य = ९, कारण ३० लिटरचे ३०% म्हणजे ९ लिटर. क्ष = २०, य = १०. पहिल्यात ४ लिटर आम्ल, दुसऱ्यात ५, एकूण ९. टक्केवाऱ्यांचीच बेरीज करायला जाणाऱ्यांचं इथे चुकतं, कारण टक्का म्हणजे आम्ल नव्हे. टक्का द्रवाला गुणला की आम्ल मिळतं.

काही उदाहरणांत दोनदा सांगितलेल्या गोष्टीपैकी एक मुळी लिहिलेलीच नसते. आयताची परिमिती ३६ सेमी आहे आणि लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा ३ सेमीनं कमी आहे. लांबी क्ष सेमी आणि रुंदी य सेमी मानली तर दुसऱ्या अर्ध्या वाक्यावरून क्ष = २य − ३ सरळ मिळतं. पण परिमिती म्हणजे २(क्ष + य) हे उदाहरण सांगत नाही. ते तू घेऊन यायचं. (रुंदी ७ सेमी, लांबी ११ सेमी.) बोटीच्या उदाहरणातही तसंच. बोट प्रवाहाच्या दिशेनं २४ किमी अंतर २ तासांत जाते आणि तेच अंतर परत यायला ३ तास लागतात. संथ पाण्यातला बोटीचा वेग ताशी क्ष किमी आणि प्रवाहाचा ताशी य किमी मानला, तर जाताना एकूण वेग क्ष + य आणि येताना क्ष − य. अंतर = वेग × वेळ हे सूत्र कुणी दिलेलं नाही, पण त्याच्याशिवाय समीकरण होतच नाही : २(क्ष + य) = २४ आणि ३(क्ष − य) = २४. बोटीचा वेग ताशी १० किमी, प्रवाहाचा २. उदाहरण दोन-तीनदा वाचूनही एक समीकरण कमी पडतंय असं वाटलं, तर पुन्हा तेच वाचत बसू नकोस. आकृती, वेग, काम, व्याज, कोनांची बेरीज यांपैकी कशाचं सूत्र इथे गृहीत धरलं आहे ते शोध. दोन-दोनदा वाचूनही हात थांबतो तो बऱ्याचदा इथेच.

आणि याच्या उलटही होतं. वाक्यं दोन असतात पण माहिती एकच असते. हे प्रकरण मला फार आवडतं, म्हणून थोडं थांबून सांगते. “एका दोन अंकी संख्येतला एककाचा अंक दशकाच्या अंकापेक्षा ३ ने मोठा आहे. अंकांची अदलाबदल केली तर संख्या २७ ने वाढते. संख्या काढा.” दशकाचा अंक क्ष, एककाचा अंक य मानू. इथे पहिला खड्डा असा की संख्या क्षय नाही, ती १०क्ष + य आहे. अक्षरं शेजारी लिहिली की बीजगणितात त्यांचा गुणाकार होतो. अंदाजाची रीत इथेही वाचवते : ४७ ही संख्या तू कशी बनवलीस? १० × ४ + ७. अदलाबदल केल्यावर १०य + क्ष. म्हणून

य − क्ष = ३
(१०य + क्ष) − (१०क्ष + य) = २७

दुसरं समीकरण सोपं कर. ९य − ९क्ष = २७, म्हणजेच य − क्ष = ३. हे तर पहिलंच! तू लोप करायला गेलीस की दोन्ही चलं एकदमच नाहीशी होतील आणि ० = ० उरेल. अशा वेळी मुलं घाबरून सगळं खोडतात. खोडू नकोस. तुझी मांडणी बरोबर आहे, उदाहरणच अपुरं आहे. १४, २५, ३६, ४७, ५८, ६९ या सगळ्या संख्या त्यात बसतात. अंकांची अदलाबदल केली की दोन संख्यांतला फरक नेहमी अंकांच्या फरकाच्या नऊपट असतो, म्हणून दुसऱ्या वाक्यानं नवीन काहीच सांगितलं नाही. त्याच्याऐवजी ‘मूळ संख्या आणि अदलाबदल केलेली संख्या यांची बेरीज १४३ आहे’ असं असतं, तर ११(क्ष + य) = १४३, क्ष + य = १३, आणि उत्तर एकच, ५८. वाक्यं मोजून समीकरणं मोजता येत नाहीत. प्रत्येक वाक्य आधी न सांगितलेलं काही सांगतंय का, हे बघावं लागतं.

ताळ्याबद्दल एक कळीची गोष्ट. तू सोडवणं दोनदा तपासलंस म्हणालीस. म्हणजे उकल तू तुझ्याच समीकरणांत घालून बघितलीस. त्यानं सोडवणं बरोबर आहे एवढंच कळतं. मांडणी बरोबर आहे का हे पाहायचं असेल तर उत्तर उदाहरणाच्या मूळ वाक्यांत घालायचं, समीकरणांकडे न बघता. ‘मुलगा १४, वडील ५०, आठ वर्षांपूर्वी…’ असं मोठ्यानं म्हणत वाक्य वाचायचं. तुझं उत्तर उणे आलं हे एका परीनं नशीबच. मांडणी चुकूनही उत्तर दिसायला सरळ आलं असतं, तर तू त्याच्याखाली रेघ मारून पुढे गेली असतीस.

अक्षरांची कंजुषीही करू नकोस. बऱ्याच मुलांना एकच क्ष घेऊन सगळं त्याच्यातच बसवायची घाई असते : मुलाचं वय क्ष, मग वडिलांचं ७(क्ष − ८) + ८. हे बरोबर आहे, पण यात विचार आणि आकडेमोड एकाच श्वासात होतात आणि तिथेच पाय घसरतो. जितक्या गोष्टी माहीत नाहीत तितकी अक्षरं घे, जितके संबंध आहेत तितकी समीकरणं लिही, आणि कमी करायचं काम लोप पद्धतीवर सोपव. ते तर तुला उत्तम येतं. ब्रह्मगुप्तांनी ६२८ मध्येच अनेक अज्ञात संख्यांना रंगांची नावं देऊन हिशेब केले होते. पुढच्या गणितींनी यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं वापरली आणि लिहिताना त्यांची पहिली अक्षरं घेतली : या, का, नी, पी. अज्ञात जास्त असले म्हणून त्यांचं काही अडलं नाही.

सरावाचं म्हणशील तर पुढचे काही दिवस उदाहरणं सोडवूच नकोस, फक्त मांड. ‘मानू’चं वाक्य, अंदाजाचा ताळा, दोन समीकरणं, पदांखाली एकक, आणि बस्स. सोडवण्यात जाणारा वेळ वाचला की तेवढ्याच वेळात तुझी दुप्पट-तिप्पट उदाहरणं होतील, आणि तुला गरज नेमकी त्याच सरावाची आहे. मधूनमधून उलटा खेळही खेळ. क्ष + य = ४० आणि क्ष = ३य − ४ अशी जोडी घे आणि तिच्यावरून स्वतः एक उदाहरण तयार कर. दोन भागांत कापलेल्या दोरीचं कर, वयांचं कर, काहीही चालेल. वाक्य लिहिताना ‘तिपटीपेक्षा ४ ने कमी’ कुठे ठेवायचं याचा विचार करावा लागला की दुसऱ्यांची वाक्यं वाचणं आपोआप सुधारतं.

‘ज्याला सुचतं त्यालाच सुचतं’ हे मात्र मला अजिबात मान्य नाही. ४० आणि १० घेऊन ताळा करायला काही सुचावं लागत नाही. तो करता येतो.

शेवटी तुझ्यासाठी एक उदाहरण, भास्कराचार्यांच्या बीजगणितातलं. ११५० सालचं आहे, तरी आजच्या पेपरातलं वाटेल. एक मित्र म्हणतो, “तू मला शंभर दिलेस तर माझ्याजवळ तुझ्या दुप्पट धन होईल.” दुसरा म्हणतो, “आणि तू मला दहा दिलेस तर माझ्याजवळ तुझ्या सहापट होईल.” प्रत्येकाजवळ किती धन होतं? यादी काढलीस तर ‘दिले’ म्हणजे वजा एवढंच सांगेल. तू आधी तक्ता आख : ओळी दोन मित्रांच्या, रकाने तीन, मधला देण्याघेण्याच्या आधीचा. ज्यानं दिले त्याचा चौकोन आणि ज्याला मिळाले त्याचा चौकोन, दोन्ही भर. मग कुठलेही दोन आकडे घालून ताळा कर, आणि त्यानंतरच क्ष आणि य लिही. पूर्णांकच येतील, दोन्ही उत्तरं दहाच्या पटीत आहेत. मांडणीसकट लिहून पाठव.

– तुझी ताई